नदीत मासे धरायला नाव घ्यायची आहे? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कन्हान, पेंच, वैनगंगा, वर्धा या नद्यांवर गळ टाकणारे नागपुरात कमी नाहीत. काठावर बसून पाठ अवघडली की नावेचा विषय निघतोच. हल्ली अमेरिकेतल्या ड्रिफ्ट बोटींचे व्हिडिओ पाहून ‘भाऊ, अशी नाव आपल्याकडे चालते का?’ असं विचारणारेही वाढलेत. खालची उत्तरं नागपूर आणि आजूबाजूचं पाणी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. नाव पाण्यात कुठे उतरवायची याचा विचार सगळेच करतात. पण कोणती नाव घ्यायची हे ती बाहेर कुठून काढणार यावर ठरतं, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत हा मुद्दा फिरून फिरून येईल.

ड्रिफ्ट बोट म्हणजे नेमकी कोणती नाव?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मॅकेन्झी आणि रोग नावाच्या खळाळत्या, खडकाळ नद्या आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या वाटाड्यांनी आणि नाव बांधणाऱ्या सुतारांनी ट्राउट, सॅमन, स्टीलहेड या माशांसाठी ही नाव घडवत नेली. तळ सपाट, पण पुढून-मागून केळ्यासारखा वर वळलेला. या वळणाला रॉकर म्हणतात. बाजू बाहेर झुकलेल्या आणि उंच, खाली कणा नाही. त्यामुळे नाव पाण्यात जेमतेम काही इंच बुडते आणि जागच्या जागी फिरते. लांबी साधारण १४ ते १७ फूट, तळाची रुंदी ४ ते ५ फूट. मधोमध वल्हवणारा, पुढे-मागे गळ टाकणारे. पुढे उभं राहून गळ टाकता यावा म्हणून मांड्या टेकवायला आधारही केलेला असतो.

खरा फरक वल्हवण्यात आहे. साध्या नावेत वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. इथे तो नदी वाहते त्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही आपल्याकडे ओढतो, म्हणजे प्रवाहाच्या उलट जोर लावतो. नाव पुढे न्यायचं काम नदी करते, माणूस तिला फक्त आवरतो. नाव पाण्यापेक्षा हळू चालली की समोरचा दगड टाळायला वेळ मिळतो आणि गळही हव्या त्या जागी पडतो.

मग ती कन्हानवर चालेल का?

चालेल, पण वर्षातले मोजके महिने. आपल्या नद्या पावसाच्या. मॅकेन्झीसारखं बर्फाचं आणि झऱ्यांचं बारमाही पाणी त्यांना नाही. पूर ओसरला, गाळ खाली बसला की ऑक्टोबरपासून साधारण जानेवारीपर्यंत कन्हानला वाहण्याइतकं पाणी असतं. फेब्रुवारीनंतर पात्रात रेतीचे पट्टे उघडे पडतात आणि दोन डोहांच्या मधे घोट्याएवढी धार उरते. तिथे १६ फुटी नाव म्हणजे ढकलत न्यायचं ओझं.

बरं, जलाशयावर न्यावी म्हटलं तर तिच्या उंच बाजू वाऱ्याला सापडतात. कणा नसल्याने ती सरळ रेषेत जात नाही. खिंडसीच्या किंवा गोसेखुर्दच्या उघड्या पाण्यावर दुपारचा वारा सुटला की वल्हवणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि नाव तिथल्या तिथेच.

म्हणून आमचं मत असं. अस्सल, पूर्ण लांबीची ड्रिफ्ट बोट नागपूरकराने घेऊ नये. तिची अक्कल घ्यावी: सपाट तळ, थोडा रॉकर, बाहेर झुकलेल्या बाजू, प्रवाहाकडे तोंड. हे सगळं १२ ते १४ फुटांच्या, बाजू बेताच्या ठेवलेल्या, चौघांना उचलता येईल अशा नावेत बसवावं.

चौघांना उचलता आली पाहिजे, हा आग्रह कशासाठी?

कारण आपल्याकडे नदीला नाव उतरवायचे उतार नाहीत. ओरेगॉनात ठिकठिकाणी ट्रेलर थेट पाण्यात नेता येईल असे सिमेंटचे रॅम्प बांधलेत. आपल्याकडे काय आहे? देवळाचा घाट, पायऱ्या, रेती वाहून नेणाऱ्या ट्रकांनी पाडलेला रस्ता किंवा म्हशी उतरतात ती पायवाट. प्रवाहासोबत ५-७ किलोमीटर खाली गेलात की संध्याकाळी नाव कुठून तरी वर चढवायची आहे. काळ्या मातीचा काठ ओला असेल तर पाय पोटरीपर्यंत रुततो. चांगली फायबरची १६ फुटी ड्रिफ्ट बोट सामान न धरता दीडशे किलोच्या आसपास भरते.

त्यामुळे खरेदीच्या आधी एक सकाळ नुसतं काठाकाठाने फिरा. बिना संगमाजवळ कोलार, कन्हान आणि पेंच एकत्र येतात. तिथून कामठी, कन्हान गाव, मौद्याकडे नदी जाते आणि पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. या पट्ट्यात गाडी पाण्याजवळ कुठे जाते, कुठून चौघं नाव वर आणू शकतील, ती शेतवाट कुणाची, हे वहीत लिहून ठेवा. बाहेर काढायच्या दोन पक्क्या जागा मिळाल्या की नावेची लांबी आणि वजन त्यातूनच ठरतं.

१२ फुटी नाव तिघांना पुरते का? ती बुडते किती?

हे घरबसल्या काढता येतं. तळ १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद धरला तर ४८ चौरस फूट झाला. त्याला १ इंच बुडवायला ४ घनफूट पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे सुमारे ११३ किलो वजन. नाव ९० किलो, तीन माणसं २१०, नांगर-डबे-सामान ४० असं ३४० किलो धरलं तर हिशेबाने ३ इंच. पण खरी नाव पेटीसारखी चौकोनी नसते. टोकं निमुळती आणि वर वळलेली, म्हणून मधल्या भागात ५ इंच तरी धरा. एवढ्या पाण्यात कन्हानचे बहुतेक उथळ पट्टे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पार होतात.

तिघं म्हणजे एक वल्हवणारा आणि दोन गळवाले. ‘अजून एक बसतो ना, काय होते!’ म्हणणारा चौथा कायम काठावर भेटतो. त्याला काठावरच राहू द्या.

लाकूड, फायबर, ॲल्युमिनियम की हवेची?

इथे जरा थांबून बोलू, कारण नागपूरचं ऊन हाच या प्रश्नाचा निम्मा भाग आहे.

लाकडाची नाव दिसायला देखणी, पाण्यावर शांत चालते, दगडाला घासली तरी आवाज करत नाही. सागाची फळी विदर्भात मिळते. प्लाय वापरणार असाल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. फर्निचरवाला ‘वॉटरप्रूफ आहे साहेब’ म्हणून दुसराच गळ्यात मारेल, त्या भरवशावर नदीत जाऊ नका. लाकडाची अडचण साठवणुकीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि जमिनीला टेकली असेल तर उधई लागते.

फायबर आपल्याकडे सगळ्यात सोयीचं. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, गाड्यांचे भाग करणारे फायबर कारागीर नागपुरात आहेत, त्यामुळे दुरुस्ती गावातच होते. खडकावर ओरखडा पडला तर फायबरची चटई आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, लावून घरीही बुजवता येतो. उन्हाने वरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, पांढरट पडतो. वर्षातून एकदा मेण घासलं आणि नाव झाकून ठेवली तर हे बरंच लांबतं.

ॲल्युमिनियम हलकं आणि मार खाणारं. आपटलं तर पोचा येतो, सहसा फुटत नाही. पण दगडावर घासलं की असा आवाज होतो की डोहातला मासा पळालाच समजा. शिवाय एप्रिलच्या उन्हात त्यावर उघडा हात ठेवून बघा. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग साध्या वेल्डरच्या दुकानात होत नाही, हेही लक्षात असू द्या.

हवेची नाव किंवा राफ्ट डिक्कीत मावते, काठावरून दोघं सहज उचलतात, त्यामुळे बाहेर काढायचा प्रश्नच मिटतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हाच पर्याय. पण आपल्या काठावर बाभळी आहेत आणि बाभळीला काटे. शिवाय सकाळी थंडाव्यात टम्म हवा भरून नाव काठावर उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत आतली हवा फुगून शिवण सुटू शकते. बाहेर ठेवताना थोडी हवा सोडायची, पाण्यात उतरवल्यावर पुन्हा भरायची.

पहिली नाव घेणाऱ्याला आम्ही १२ फुटी फायबरच सांगतो.

ढिवर समाजाचा डोंगा असताना हे सगळं कशाला?

अगदी योग्य प्रश्न. पूर्व विदर्भात ढिवर, भोई, केवट मंडळी पिढ्यानपिढ्या जे पाणी वाचत आली, ते कुठल्या व्हिडिओत शिकायला मिळणार नाही. डोंगा अरुंद, लांब, एका बांबूवर चालणारा. जाळं टाकायला आणि उचलायला तो उत्तम. पण तो चालवणाऱ्याचा तोल अंगात मुरलेला असतो. आपल्यासारखा ऑफिसवाला त्यात उभा राहून गळ फेकायला गेला की डोंगा आणि माणूस दोघंही आडवे. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून जाळी लावणारेही तुम्ही पाहिले असतील. ती त्यांची गरज आणि त्यांचं कसब, आपण त्याची नक्कल करायची नाही.

नाव घ्यायच्या आधी त्या गावातल्या एखाद्या जाणत्या काकाजींना घेऊन एकदा त्यांच्याच डोंग्यात बसून नदी पाहा. त्यांच्या दिवसाच्या कमाईएवढे पैसे हातावर ठेवा, ते नाही म्हणत असले तरी. कुठला डोह किती खोल, रेती उपसून कुठे खड्डा झालाय, कुठल्या दगडाला गेल्या पुरात झाड अडकलंय, ही माहिती नावेच्या किमतीपेक्षा मोलाची आहे.

नागपुरात अशी नाव मिळते कुठे?

तयार मिळत नाही. परदेशातून मागवली तर नावेपेक्षा जहाजभाडं आणि सीमाशुल्क डोईजड होतं. फायबर कारागिराकडून करून घेणं हाच व्यवहारी मार्ग. त्याला नुसता फोटो दाखवू नका, कागदावर मापं द्या: तळाची लांबी-रुंदी, वरची रुंदी, मधे बाजूची उंची, दोन्ही टोकांना तळ किती इंच वर उचलायचा. १२ फुटी नावेला मधल्या भागात बाजू १८ इंचांच्या आसपास पुरतात.

दोन गोष्टी त्याच्याकडून लिहून घ्या. पहिली, नाव उलटली किंवा पाण्याने भरली तरी तरंगली पाहिजे. त्यासाठी बाकांखाली बंद कप्प्यांत फोम भरायचा. १ घनफूट फोम साधारण २७ किलो तोलून धरतो. दुसरी, तो फोम थर्माकोल नसावा. फायबरला लागणाऱ्या नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये थर्माकोल विरघळतो. वरून छान दिसणाऱ्या बाकाखाली मग पोकळी आणि चिकट लगदा उरतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम घ्या.

वल्ही कशी निवडायची?

८ फुटी. लाकडाचीच बरी, ॲश नावाचं लाकूड मिळत नसेल तर सरळ रेषांची, गाठ नसलेली हलकी फळी. दोन्ही वल्ही कड्यांत बसवून आडवी धरली की मुठींमधे दोन-चार इंच अंतर उरलं पाहिजे. मुठी एकमेकींवर चढत असतील तर वल्ही लांब आहेत किंवा कड्या चुकीच्या जागी ठोकल्यात. तिसरं वल्हं नावेत बांधून ठेवायचं. हा सल्ला लोक हसण्यावारी नेतात, आणि दोन पुलांच्या मधे वल्हं मोडलं की आठवतात.

प्रवाहात वल्हवायची कशी? शिकायला किती वेळ लागतो?

सूत्र सोपं आहे. जो धोका टाळायचा त्याच्याकडे नावेचं पुढचं टोक तिरकं वळवायचं आणि वल्ही आपल्याकडे ओढायची. नाव मागे, धोक्यापासून दूर सरकते. डावीकडे दगड असेल तर टोक डावीकडे, ओढा उजवीकडे. नवशिका घाबरून उलटं करतो, टोक मोकळ्या पाण्याकडे वळवून पुढे ढकलतो. ढकलण्यात ओढण्याएवढी ताकद नसते आणि नाव आडवी होऊन दगडावर जाते.

जायची वेळ आलीच आणि नाव आडवी दगडाला टेकली, तर सगळ्यांनी लगेच दगडाच्या बाजूला सरकायचं. मनात येतं त्याच्या बरोबर उलट आहे हे. दगडापासून दूर झुकलात की वरच्या अंगाची कड खाली जाते, त्यावरून पाणी आत येतं आणि नाव दगडाला गुंडाळल्यासारखी चिकटते.

सराव आधी तलावावर, मग नदीच्या संथ पट्ट्यात, आणि खळाळ शेवटी. दोन-तीन शनिवार-रविवार नुसत्या वल्हवण्याला दिले, गळ घरी ठेवले, की हात बसतो.

नांगर लागतोच का?

लागतो. डोहाच्या तोंडाशी थांबून गळ टाकायचा तर नांगराशिवाय जमत नाही. ड्रिफ्ट बोटीला तो मागच्या टोकाला असतो आणि वल्हवणारा बसल्या जागेवरून दोरीने सोडतो-ओढतो. आपल्या रेताड तळाला आणि १२ फुटी नावेला १० किलोच्या आसपासचा पुरतो. जिमचं जुनं वजन किंवा शिसं ओतून केलेला गोळा चालतो. काट्याचा नांगर खडकाच्या खाचेत अडकतो, तो टाळा.

जोराच्या धारेत नांगर टाकायचा नाही. टोक खाली खेचलं जाऊन पाणी थेट आत येतं. आणि नाव कधीही बाजूला बांधलेल्या नांगराने धारेत आडवी धरायची नाही. दोरी अडकली तर ती एका झटक्यात कापता यावी म्हणून धारदार सुरी वल्हवणाऱ्याच्या हाताशी उघडी लटकलेली हवी, डब्यात ठेवलेली नव्हे.

मोटर लावू का?

नदीत नको. उथळ पाण्यात पंखा रेतीत घुसतो. जलाशयावर वाऱ्याविरुद्ध परतायला छोटी इलेक्ट्रिक मोटर उपयोगी पडते. ५५ पौंड जोराची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी फार तर दोन तास. हळू चालवलीत तर बरीच जास्त. एक लक्षात घ्या, यंत्र लावलं की नाव ‘यांत्रिक’ होते आणि अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ खाली नोंदणी व तपासणीचा विषय येतो. नवेगाव खैरी नागपूरचं पिण्याचं पाणी आहे. तिथे पेट्रोल इंजिनाचा विचारही मनात आणू नका.

परवानगी कुणाची लागते?

सरसकट ‘कुणाचीच नाही’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. धरणाचं पाणी आणि भिंत जलसंपदा विभागाची असते. मासेमारीचा हक्क बहुतेक जलाशयांवर आणि तलावांवर स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. त्या संस्थेने पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं. तिथे तुम्ही शनिवारी येऊन कटला उचलून नेलात तर तो त्यांच्या पोटातला घास आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा की हे पाणी कुणाकडे आहे, मग संस्थेच्या अध्यक्षांना भेटा. गळाने, शुल्क देऊन, ठरवून दिलेल्या जागेत मासे धरायला बऱ्याच ठिकाणी हरकत नसते. तोंडी ‘या भाऊ’ पेक्षा पावती घेतलेली चांगली.

भंडारा-गोंदियाच्या बाजूला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. तिथे काही ठिकाणी शिंगाड्याची वेल लावलेली असते. ती पिकाची शेती आहे, त्यातून नाव घालू नका.

तोतलाडोहला मोठे मासे आहेत म्हणतात. तिथे नेता येईल?

नाही. तो जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. तिथल्या मासेमारीचा वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मध्य प्रदेशाच्या बाजूच्या विस्थापित आदिवासी कुटुंबांना दिलेल्या ३०५ परवान्यांवर १९९७ साली निकाल झाला, तोही कडक अटी घालून. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांची ही कथा, तिथे हौशी नागपूरकराने नाव घेऊन जायचं तोंड कुठलं? वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नावही जप्त होते आणि माणूसही आत जातो.

नदीतला सगळ्यात मोठा धोका कोणता?

बंधारे. दगड दिसतात, झाड दिसतं, बंधारा वरून येताना दिसत नाही. पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि तिच्यापलीकडे नदी नाहीशी झालेली. खाली पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे फिरतं, आणि त्या उलट्या धारेत नाव, माणूस, लाकडाचा ओंडका, काहीही अडकून गरगरत राहतं. लाइफ जॅकेट घातलेला पोहणाराही त्यातून सहज सुटत नाही.

कोल्हापुरी बंधाऱ्याचं आणखी एक. पावसाळ्यात त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात आणि पाणी खांबांमधल्या फटींतून जोरात जातं. लांबून वाट मोकळी वाटते, पण नाव आडवी होऊन दोन खांबांना टेकली की धार तिला तिथेच दाबून धरते. पावसाळा सरल्यावर बरगे टाकले की त्याच जागी वर पाणी तुंबतं आणि काठावरून सांडतं. म्हणजे गेल्या महिन्यात पाहिलेला बंधारा या महिन्यात तसाच असेल असं नाही. बंधारा येण्याच्या बराच आधी काठ धरा, उतरा, नाव उचलून पलीकडे न्या. हलकी नाव घ्या असं वर सांगितलं ते यासाठीसुद्धा.

दुसरा नंबर रेतीघाटांचा. यंत्राने उपसलेल्या खड्ड्यांमुळे गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी येतं. नाव ढकलत नेताना कडेला हात घट्ट धरून चाला.

पावसाळ्यात पुराच्या पाण्यावर नेली तर?

नेऊ नका. वर धरणाची दारं उघडली की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा येतो, तो आपल्यासाठीही असतो. शिवाय जून ते ऑगस्टमधे रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला वर चढतात. पोटात अंडी असलेली मादी या दिवसांत धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा आजच खाणं.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही लागतं का?

९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. एका छोट्या नावेत ११ जण होते, फेसबुक लाइव्ह चालू होतं, आठ जण गेले. यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

घेताना आतल्या लेबलवर न्यूटनमधे आकडा बघा. ५० चं जॅकेट शुद्धीत असलेल्या पोहणाऱ्याला मदत करतं. १०० चं जॅकेट तोंड पाण्याच्या वर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. आपल्या नावेत १०० चं, आणि खाली पायांतून पट्टा असलेलं. नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर सरकून डोक्यातून निघतं. बाकावर ठेवून त्यावर बसायचं असेल तर उशी स्वस्त पडते.

नाव गाडीवर कशी न्यायची?

छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फुटांचा, म्हणजे १२ फुटी नाव मागे बरीच बाहेर राहते. मोठ्या पिकअपमधे, पुढचं टोक केबिनवर टेकवून, खाली जुने टायर घालून ती नीट बसते. स्वतःचा ट्रेलर करणार असाल तर तोही मोटार वाहन कायद्यात येतो, नोंदणी लागते. कारला कुठल्याही गॅरेजमधून हुक वेल्ड करून घेऊन कामठी रोडला निघू नका.

खाली वाहत जाणार असाल तर गाडीची व्यवस्था आधी लावा. एक गाडी बाहेर पडायच्या जागी सोडायची, दुसरीने सगळ्यांनी वर यायचं. आणि किल्ली? ती खालच्या गाडीची हवी, वरच्या गाडीत विसरलेली नको. यावरून मित्रांची भांडणं झालेली पाहिली आहेत.

उन्हाळाभर ठेवायची कुठे?

उलटी करून, दोन लाकडी घोड्यांवर, सावलीत. जमिनीला टेकवू नका. ताडपत्री थेट अंगावर घट्ट गुंडाळली तर खाली वाफ धरते, थोडी हवा खेळती ठेवा. पाणी काढायचं बूच काढून घरात ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात पहिल्या दिवशी तेच सापडत नाही.

फायबरची दुरुस्ती मे महिन्याच्या दुपारी करायला घेतलीत तर रेझिन भांड्यातच घट्ट होतं. सकाळी सहाला करा, हार्डनरचं प्रमाण कारागिराला विचारून कमी ठेवा, आणि थोडं थोडं कालवा.

एका तलावातून दुसरीकडे नेताना काही काळजी?

धुवा आणि वाळवा. अंबाझरीत जलकुंभीने काय केलं ते शहराने पाहिलंय. तिचा एक तुकडा बाकाखाली राहिला आणि दुसऱ्या पाण्यात पडला की झालं. आतलं साचलेलं पाणी काठावरच ओतून टाका.

कुठले मासे मिळतात? खायला चालतात का?

डोहात रोहू, कटला, मृगळ. झाडीच्या आणि वेलींच्या कडेला मरळ. खडकांच्या खाचेत वाम. तिलापिया सगळीकडे, तो कितीही न्या. महाशीर लागला तर हात ओले करून, पाण्यातल्या पाण्यात गळ काढून सोडून द्या. नाग नदीचं सांडपाणी पुढे कन्हानमधे जाऊन गोसेखुर्दपर्यंत पोचतं, त्यामुळे त्या संगमाच्या खालचा मासा आम्ही तरी ताटात घेत नाही.

सुरुंगाने किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं दिसलं तर तिथे वाद घालत बसू नका, नाव काढा, पोलिसांना आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

जुनी नाव मिळत असेल तर घ्यावी का?

घ्यावी, तपासून. फायबरच्या तळावर नाण्याने टकटक करत पूर्ण लांबी फिरा. ठणठणीत आवाज मधेच बद्द झाला तर तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. वल्ह्यांच्या कड्यांभोवती केसासारख्या भेगा बघा, सगळा ताण तिथेच येतो. बाकाखालचा फोम दाबून, एखादं भोक असेल तर त्यातून काडी घालून बघा, ओली निघाली तर तो फोम तरंगवणार नाही, वजनच वाढवेल. लाकडी नावेत सांध्यांपाशी सुरीचं टोक रुतवा. शेवटी ती पाण्यात उतरवून, दोन माणसं बसवून अर्धा तास ठेवायला सांगा आणि मग आत किती पाणी आलं ते बघा. थोडीशी ओल चालते. वाटीने उपसावं लागलं तर भाव पाडून मागा, आणि त्या चौघांनाच बोलवा ज्यांना ती पुढे काठावर उचलायची आहे.